मुक्काम आणि थांबा

मलकापूरहून बुलढाण्याकडे निघालं की पंचवीसेक किलोमीटरवर मोताळा गाव लागतं. इथवर रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना कापसाची आणि सोयाबीनची रानं. मोताळा सोडलं की समोर अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड उभी राहते आणि राजूर घाट सुरू होतो. घाटाच्या अलीकडे पडलेला पाऊस नळगंगेतून पूर्णेला जातो, पूर्णा तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्र गाठते. घाट चढून बुलढाण्यापलीकडे येळगावला पोचलं की तिथलं पाणी पैनगंगेचं. ते वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशी वाट धरून बंगालच्या उपसागरात जातं. एका घाटाने दोन समुद्र वेगळे केले आहेत.

दर वर्षी ज्येष्ठ महिन्यात हा पाणलोट हजारो माणसं पायी ओलांडतात. जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरहून, म्हणजे जुन्या एदलाबादहून, संत मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला निघते. मलकापूर, मोताळा, राजूर घाट, बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, जालना, बीड अशी तिची वाट. पाचशेहून अधिक किलोमीटर आणि सुमारे महिनाभराची चाल. मानाच्या पालख्यांमध्ये सगळ्यांत लांबून येणाऱ्यांपैकी ही एक. निवृत्ती, ज्ञानदेव आणि सोपान या तीन भावांची ही बहीण 1297 साली तापीकाठी मेहूणच्या परिसरात विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावली, असं वारकरी परंपरा सांगते. तिच्या पादुका घेऊन निघालेल्या माणसांना तापीचं खोरं सोडून गोदावरीचं खोरं पार करायचं असतं आणि शेवटी भीमेच्या वाळवंटात उभं राहायचं असतं.

मोताळ्यात पालखी येते ती अशी पहिल्या काही दिवसांत. चालायची सवय अजून अंगात मुरलेली नसते. पावलांना फोड आलेले असतात. मृगाचा पाऊस पडला असेल तर पेरणीची घाई, पडला नसेल तर आभाळाकडे लागलेले डोळे, अशा दिवसांत गाव पालखीची वाट पाहत असतं.

संध्याकाळी टाळ-मृदंगाचा आवाज जवळ येतो. रस्त्यावर सडा घातलेला असतो. आरती होते, दिंड्या आपापल्या ठरलेल्या जागी पांगतात. कुणी शाळेच्या व्हरांड्यात, कुणी मंदिराच्या सभामंडपात, कुणी ओळखीच्या घराच्या ओट्यावर. एखाद्या ओट्यावर साठीच्या पुढची वारकरीण टेकते. घरातली सून परातीत कोमट पाणी घेऊन येते.

"कुठल्या गावच्या वं माय तुम्ही?"

"बोदवडकडच्या."

"पाय द्या इकडं."

"राहू दे वं बाई, मीच धुते."

"तुमचे कुठं धुते मी? मुक्ताईचे धुते."

पाय धुऊन झाले की म्हातारी बटव्यातून सुई काढते. सुईत दोरा ओवलेला असतो. ती तो फोडातून आरपार काढते आणि दोरा तसाच आत ठेवून देते. त्या वाटेने पाणी हळूहळू झिरपून जातं, वरची कातडी निघत नाही आणि सकाळी पुन्हा चालता येतं. वारीत चालणाऱ्या बायांना हे औषध कुणी शिकवावं लागत नाही. आतून पिठल्याचा वास येतो, भाकरी थापल्याचा आवाज येतो. थोड्या वेळाने ती वारकरीण त्या घरातली एक होऊन जेवायला बसते. ना तिला त्या घराचं आडनाव ठाऊक, ना घराला तिचं.

या ओट्यावर धर्माचा एक जुना प्रश्न बसलेला आहे: माणूस एका जागेहून दुसऱ्या जागी जातो, त्याची यात्रा कधी होते?

पटकन सुचणारं उत्तर असं, की देवाच्या ठिकाणी गेलं की यात्रा आणि मौजेच्या ठिकाणी गेलं की सहल. हे उत्तर किती टिकतं ते पाहायचं तर मोताळ्यापासून खूप दूर, इटलीच्या किनाऱ्यावर जावं लागेल.

नेपल्सच्या बंदरात पहाटे एक प्रवासी जहाज लागतं. मोठ्या जहाजात पाच हजार माणसं सहज मावतात. न्याहारी उरकून ती खाली उतरतात. छातीवर गटाच्या क्रमांकाचा गोल कागद, कानात गाइडचा आवाज ऐकवणारं यंत्र, पुढे उंच धरलेली एक पाटी. बस दक्षिणेकडे निघते आणि अमाल्फीच्या किनाऱ्याला लागते. एकोणिसाव्या शतकात कड्यांच्या कुशीतून कोरून काढलेला हा वळणांचा रस्ता, खाली निळं पाणी, वर लिंबांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या बागा. पोझितानोला फोटोसाठी थांबा, अमाल्फीत दोन तास, जमलं तर रावेल्लोत एक तास. संध्याकाळी पाचच्या आत जहाजावर परत. चढताना कार्ड यंत्राला दाखवायचं, नोंद होते. रात्री जेवण जहाजात, झोप जहाजात, सकाळी दुसरं बंदर. लिव्होर्नोला उतरलं तर फ्लॉरेन्स आणि पिसा, सिव्हितावेक्कियाला उतरलं तर रोम.

या बसमध्ये आता मराठी माणसंही असतात. आयुष्यभर शाळा, दुकान किंवा शेती सांभाळलेलं जोडपं निवृत्तीनंतर साठवलेल्या पैशांतून हा प्रवास करतं. पिशवीत चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी असते. समुद्राकडची खिडकी मिळाली म्हणून बाई हरखून जातात. अमाल्फीचं पहिलं वळण येतं आणि त्यांच्या तोंडून सहज 'पांडुरंगा' निघतं. त्या आनंदात खोटं काहीच नाही. सृष्टीचं रूप पाहून माणसाचं मन नमतं, ते धर्माला परकं नाही. म्हणून सहल हलकी आणि यात्रा थोर, असं म्हणून हा प्रश्न मिटत नाही.

शिवाय त्या बसचा थांबा एका तीर्थक्षेत्रातच असतो. अमाल्फीच्या कॅथेड्रलच्या तळघरात येशूच्या बारा शिष्यांपैकी एक असलेल्या संत आंद्रेयाचे अवशेष आहेत. हा गालील सरोवरावरचा मासेमार. चौथ्या धर्मयुद्धात कॉन्स्टँटिनोपल लुटलं गेलं आणि त्यानंतर 1208 साली हे अवशेष कार्डिनल पिएत्रो कापुआनो यांनी अमाल्फीत आणले. समुद्रावर पोट असलेल्या गावाला कोळी संत मिळाला. 30 नोव्हेंबरला त्याचा सण असतो. 27 जूनलाही असतो, कारण 1544 साली आरमार घेऊन चालून आलेल्या तुर्की सरदार बार्बारोसाला वादळाने परतवलं, ती संताचीच कृपा असं गाव मानतं. त्या दिवशी संताचा पुतळा खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते, किनाऱ्यापर्यंत जाऊन येते, आणि शेवटी वाहणारे पुरुष कॅथेड्रलच्या साठेक उंच पायऱ्या पुतळ्यासह धावत चढतात. जूनच्या त्या दिवसांत इकडे वऱ्हाड-मराठवाड्याच्या रस्त्यांवरही एक पालखी खांद्यांवर असते.

म्हणजे देवाचं ठिकाण आहे, सण आहे, पाहणारा भाविक मनाचाही आहे. तरीही अमाल्फीत दोन तास थांबलेल्या माणसाला आपण यात्रा करून आलो असं सहसा वाटत नाही. वारकरणीला मात्र मोताळ्याच्या ओट्यावर, पंढरपूर अजून महिनाभर लांब असताना, आपण यात्रेतच आहोत याची खात्री असते. देवाचं ठिकाण हे उत्तर दोन्ही बाजूंनी अपुरं पडतं.

हाच दोष आपल्या घरच्या देवदर्शनांतही दिसतो. तीन दिवसांत साडेतीन शक्तिपीठं, दोन दिवसांत अष्टविनायक, अशा गाड्या गावोगावी निघतात. रात्रीचा प्रवास, पहाटे रांग, दर्शन, प्रसाद, पुन्हा गाडी. ज्या गावात देव आहे त्या गावाशी बोलायला सवडच नसते. त्यात भाविकाचा दोष काढण्यात अर्थ नाही, सुट्टीच तेवढी असते. पण देव गाठूनही काहीतरी राहून गेलं अशी रुखरुख परतताना अनेकांच्या मनात असते. त्या रुखरुखीचं कारण शोधलं पाहिजे.

मराठीत देव 'पाहत' नाहीत, देवाचं दर्शन 'घेतात'. देव दर्शन 'देतो'. एकाने द्यायचं, दुसऱ्याने घ्यायचं, म्हणजे या पाहण्याला दोन टोकं आहेत. मूर्तीच्या डोळ्यांसमोर उभं राहणारा माणूस स्वतःही पाहिला जात असतो. देखावा पाहताना असं होत नाही. खिडकीतून दिसणारी लिंबाची बाग प्रवाशाला काही विचारत नाही. त्या बागा दगडावर दगड रचून, चुन्याशिवाय बांधलेल्या ताली-बांधांवर उभ्या आहेत. अशा कोरड्या दगडी बांधकामाची कला 2018 साली युनेस्कोने इटलीसह आठ देशांच्या नावाने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवली. एकेकाळी त्या कड्यांवरून लिंबांच्या जड टोपल्या बायका डोक्या-खांद्यावरून खाली आणत. तिथले लोक त्यांना 'मुंग्या' म्हणत. बांध ढासळला की तो पुन्हा रचणारं माणूस आजही लागतं. बसमधल्या प्रवाशाला बाग दिसते, ते माणूस दिसत नाही, आणि त्या माणसालाही प्रवासी दिसत नाही, दिसते ती बस.

का दिसत नाही? कारण दोघांना एकमेकांची गरज पडलेली नाही. प्रवाशाचं पाणी, अन्न, अंथरूण, औषध, सगळं जहाजात आहे. किनाऱ्याकडून त्याला हवा आहे तो फक्त देखावा. अमाल्फी गावची वस्ती पाच हजारांच्या आसपास. तेवढीच माणसं एका जहाजात बसून येतात आणि तेवढीच परत जातात. गावावर एकाही माणसाने आपला भार टाकलेला नसतो, आणि तरी गावाला गर्दीचा भार होतो.

व्हेनिसने या भाराला एक लक्षात राहील असं उत्तर दिलं. 1 ऑगस्ट 2021 पासून मोठ्या जहाजांना तिथल्या ज्युदेक्का कालव्यातून जायला बंदी झाली. पुढे 25 एप्रिल 2024 पासून, गर्दीच्या ठरावीक दिवशी, शहरात फक्त दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यावर 5 युरोंचं प्रवेशशुल्क लागू झालं. जो रात्री शहरात राहतो त्याला हे शुल्क माफ, कारण त्याचा कर निवासातूनच वसूल होतो. हिशेब महापालिकेचा आहे, पण त्यामागे एक खोल फरक दडलेला आहे: एक आलेला आणि एक राहिलेला. मराठीला हा फरक आधीपासून ठाऊक आहे. बस जिथे उभी राहते तो थांबा. माणूस जिथे राहतो तो मुक्काम.

मुक्काम हा शब्द अरबीतून आला. सूफी साधक ईश्वराच्या वाटेवरच्या एकेका टप्प्याला 'मकाम' म्हणत आले आहेत. आपल्याकडे तो पत्त्यात जाऊन बसला. मु. पो. मोताळा, ता. मोताळा, जि. बुलढाणा. मुक्काम पोस्ट. पिढ्यान् पिढ्या एकाच वाड्यात राहिलेलं कुटुंबही आपला पत्ता लिहिताना आधी 'मुक्काम' लिहितं. पोस्टमनपासून सरकारी अर्जापर्यंत सगळ्यांनी तो इतक्या वेळा वाचला आहे की त्यात दडलेली कबुली कुणाला जाणवतही नाही. घर स्वतःचं असलं तरी राहणं मुक्कामापुरतं. ज्याच्या दाराशी वारकरी टेकतो त्याच्या पत्त्यातही हाच शब्द असतो.

यात्रेचं मर्म इथे आहे, असं मोताळ्याचा ओटा पाहिल्यावर वाटतं. चालण्याचं अंतर, देवळाचं वय, वाटेतले कष्ट, या सगळ्यांच्या आधी एक गोष्ट येते: एका रात्रीपुरतं स्वतःला परक्याच्या स्वाधीन करणं. वारकरीण घरून निघते तेव्हा तिच्याकडे पडशी, तुळस, टाळ असतात. दिंडीचा ट्रक असतो, राहुट्या असतात, भिशीचं जेवण असतं. तरी पाण्यासाठी, सावलीसाठी, पाय टेकण्यासाठी ती गावावर अवलंबून आहे आणि हे अवलंबून असणं तिला कमीपणाचं वाटत नाही. गावालाही ते ओझं वाटत नाही. गावाची एका रात्रीपुरती परीक्षा असते, आणि तिला उतरण्यात त्याला मोठेपणा वाटतो.

2020 साली याची उलट बाजू दिसली. करोनामुळे पायी वारी झालीच नाही. 30 जूनला, आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी, मानाच्या पालख्यांच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. सोबत मोजकी माणसं. पादुका त्याच, आरती तीच, पंढरपूर तेच. जे पोचायचं ते पोचलं. पण वाटेवरच्या गावांत त्या वर्षी पाय धुवायला कुणी आलं नाही. ज्या घरांनी दर साली दिंडीला जेवण घालायचं असा नेम धरला होता, त्यांनी तो कसा पाळायचा? कुणी शिधा बाजूला काढून ठेवला असेल, कुणी दारात रांगोळी काढून नुसता हात जोडला असेल. देवाच्या भेटीत खंड पडला नाही. खंड पडला तो माणसांच्या एकमेकांवर टेकण्यात, आणि त्या वर्षी वारकऱ्यांना सगळ्यांत जास्त तेच सलत होतं.

दुसऱ्यावर अवलंबून राहण्याची भीती मात्र धर्मालाही कधीकाळी वाटली होती. समुद्रगमनाचा निषेध हे तिचंच रूप. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास हा पातक मानलेल्या गोष्टींत येतो, आणि त्याच सूत्रात उत्तरेकडच्या लोकांत ती चाल आहे अशीही नोंद आहे. पुढे तो कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात वर्ज्य ठरवलेल्या गोष्टींत, जाऊन बसला. परक्या देशात पाणी कुणाचं प्यायचं, अन्न कुणाच्या हातचं घ्यायचं, अग्नी आणि संध्या कशी सांभाळायची, हे त्यामागचे खरे पेच. 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी जयपूरचे महाराजा सवाई माधोसिंह द्वितीय इंग्लंडला निघाले, तेव्हा त्यांनी गंगाजलाने भरलेले चांदीचे अवाढव्य घडे बरोबर नेले. एकेका घड्यात सुमारे चार हजार लिटर पाणी मावतं. जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये ते आजही पाहायला मिळतात. राजाची निष्ठा त्या चांदीत ओतलेली आहे. तरीही आपलं पाणी आपल्याबरोबर घेऊन निघालेलं ते जहाज आणि आजचं सगळी सोय पोटात घेऊन फिरणारं जहाज यांत एक नातं आहे. दोन्ही प्रवाशांना किनाऱ्याकडे काही मागावं लागू नये, ही दोन्ही जहाजांची काळजी.

याच वाटेवर एक मराठी राजाही गेला होता, तीसेक वर्षं आधी. त्याची गोष्ट इटलीतच संपली.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 साली युरोपला गेले तेव्हा जेमतेम विशीत होते. इंग्लंडमध्ये त्यांनी काही महिने घालवले, राणी व्हिक्टोरियाला भेटले. त्या प्रवासात ते रोजनिशी ठेवत होते. ती पुढे कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी संपादित करून 1872 साली लंडनमध्ये प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर प्रकृती बिघडली आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी, अमाल्फीत संत आंद्रेयाचा सण असतो त्याच तारखेला, फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीच्या राज्याची राजधानी होती.

सोबतच्या माणसांपुढे मोठा प्रश्न उभा राहिला. हिंदू राजाला अग्नी द्यायचा होता, आणि त्या देशात प्रेत जाळण्याची रीतच नव्हती. इटलीतलं पहिलं आधुनिक दहन मिलानमध्ये झालं ते 1876 साली, म्हणजे पाच वर्षांनंतर. परक्या शहराकडे मागणं मागावं लागलं, आणि शहराने परवानगी दिली. कास्चीने उद्यानाच्या टोकाला, जिथे मुन्योने ही छोटी नदी आर्नोला मिळते, तिथे चिता रचली गेली. संगमाची जागा निवडली हे ध्यानात घेण्यासारखं आहे. गंगा नव्हती, पंचगंगा नव्हती, पण दोन नद्या मिळतात तिथे अग्नी द्यावा ही समज सोबत आलेली होती. मुक्ताईच्या मुलखात तापी आणि पूर्णा जिथे मिळतात तिथे चांगदेवाचं देऊळ उभं आहे. संगमाचं पावित्र्य ओळखणारी तीच नजर इटलीत मुन्योनेकाठी उभी होती.

1874 साली त्या जागी छत्रीखाली राजाराम महाराजांचा रंगीत अर्धपुतळा उभा राहिला. शिल्पकार चार्ल्स फ्रान्सिस फुलर. छत्रीची आखणी चार्ल्स मँट यांची, ज्यांनी पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला 'इंडियानो', म्हणजे भारतीयाची जागा म्हणू लागले. शंभर वर्षांनी, 1978 साली, तिथे आर्नोवर तारांनी तोललेला मोठा पूल झाला. त्याचं नावही 'पोंते आल् इंडियानो'. रोज त्या पुलावरून कामावर जाणाऱ्या हजारो माणसांच्या तोंडी एका मराठी राजाची आठवण आहे, त्याचं नाव माहीत असो वा नसो.

लिव्होर्नो बंदरातून फ्लॉरेन्सला येणारी बस नव्वदेक किलोमीटर धावते. कॅथेड्रलचा घुमट, जुना पूल, एक चौक, जेवण, परत. ती छत्री घुमटापासून पाचेक किलोमीटरवर, उद्यानाच्या पश्चिम टोकाला आहे, कार्यक्रमात ती सहसा नसते. मराठी गटांनी आयोजकाकडे आग्रह धरावा अशी ती जागा आहे. तिथे पाहण्यासारखं फार नाही. घ्यायला दर्शन मात्र आहे. ज्या शहराने परक्याला अग्नी देऊ दिला त्याच्या काठावर दोन मिनिटं उभं राहून हात जोडले, तर त्या दिवसाच्या सहलीत मुक्कामाचा एक कण उतरेल.

किनाऱ्यावर उतरणं आणि आश्रय मिळणं यांचं याहून जुनं उदाहरण नेपल्सच्या शेजारीच आहे. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात संत पौलाच्या रोमच्या प्रवासाची हकीकत आली आहे. कैदी म्हणून नेला जात असताना वादळाने त्याचं जहाज माल्टाजवळ फुटलं. हिवाळा तिथे काढून दुसऱ्या जहाजाने तो सिराक्युज, रेगियम करत पुतेओली बंदरात उतरला. आजचं पोझ्झुओली, नेपल्सच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर. तिथे त्याला श्रद्धाबंधू भेटले आणि त्यांच्या आग्रहाने तो सात दिवस राहिला. मग रोमकडे निघाला, तेव्हा रोमचे बंधू त्याला सामोरे आले, अपियाच्या पेठेपर्यंत आणि तीन उतारशाळांपर्यंत. त्यांना पाहून त्याला धीर आला, असं या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो. अपियन रस्त्यावरची ती माणसं आणि पालखीला सामोरी जाणारी शिवेवरची माणसं यांत काही अंतर असेल, तर ते वर्षांचं आहे.

या सगळ्यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो रास्त आहे. अवलंबून राहण्याचे एवढे गोडवे गायचे, पण त्याचा भार कोण उचलतं? सहलीला आलेला माणूस पैसे मोजतो. हॉटेलवाला, बसचालक, लिंबाचं सरबत विकणारी मुलगी, सगळ्यांचं पोट त्यावर आहे. इकडे पालखी येते त्या रात्री गावच्या बायका पहाटेपर्यंत चुलीपुढे असतात. पाण्याचा ताण असलेल्या वर्षीही टँकर मागवावा लागतो. पालखी गेल्यावर मागे घाण राहते, आणि ती साफ करणाऱ्यांचं नाव कुठल्याच कीर्तनात येत नाही. अलीकडे 'निर्मल वारी'सारख्या उपक्रमांतून फिरती शौचालयं वारीच्या वाटेवर आली, ती याच भाराची उशिरा झालेली जाणीव.

आक्षेप मान्य करूनही मूळ गोष्ट उरते. अवलंबून राहणं म्हणजे फुकट घेणं नव्हे. पंगतीत बसलेला वारकरी जेवण झाल्यावर पत्रावळ्या उचलतो, भजनात घराच्या लेकराला मांडीवर घेतो, पहाटे निघताना घरच्या म्हातारीच्या पाया पडतो. दोघांतलं देणं-घेणं त्या रात्रीत पुरं फिटत नाही, आणि ते फिटू नये अशीच दोघांची इच्छा असते. न फिटलेलं राहतं म्हणून पुढच्या वर्षीचं नातं राहतं. पैसे मोजले की व्यवहार पुरा होतो. ते चांगलंच आहे, कामगाराचे पैसे मोजलेच पाहिजेत. पण माणसांमध्ये काहीतरी न फिटलेलं राहावं ही गरज त्याने भागत नाही.

दुसरा प्रश्न शरीराचा. सगळ्यांना चालता येत नाही. ज्या म्हाताऱ्या माणसाला मोताळ्याहून राजूर घाट चढवत नाही, त्याने काय करायचं? मुक्कामाला पायांची अट नाही. घरी राहून पालखीची वाट पाहणारा आजारी माणूसही, दार उघडं ठेवून, यात्रेत असतो. जहाजातून आलेलं वयस्क जोडपंही अमाल्फीच्या पायरीवर दम लागून बसलं, समोरच्या दुकानातल्या बाईने खुर्ची आणि पाण्याचा पेला आणून दिला, भाषा न कळता दोघी बायका एकमेकींना आपल्या नातवंडांचे फोटो दाखवत बसल्या, तर घटकाभरात तिथे मुक्काम झालेला असतो. गटाची पाटी पुढे गेलेली असते, गाइड मागे वळून पाहत असतो. परत आल्यावर त्या बाई शेजारणींना सगळ्यांत आधी त्या खुर्चीची गोष्ट सांगतात. समुद्र नंतर येतो.

मोताळ्यात पहाट लवकर होते. चारच्या सुमाराला काकड्याचा आवाज येतो. ओट्यावरची वारकरीण उठून अंथरुणाची घडी करते, पडशीचा बंद ओढते. फोडातला दोरा ती पाहते, पाणी झिरपून गेलेलं असतं. घरची सून हातात दशमीचं गाठोडं देते, घाटाच्या माथ्यावर खायला. पालखी उठते, टाळ वाजू लागतात, डोक्यावर तुळशी चढतात. दिवस वर यायच्या आत घाट गाठायचा असतो.

"पुढल्या साली या हो माय."

"मुक्ताईनं आणलं तर येईन. तू अंगणात आंब्याचं रोप लाव वं बाई, सावली होईल बसाले."

सून हसते. दिंडी वळणाआड जाईपर्यंत ती दारात उभी राहते आणि मग परातीतलं रात्रीचं पाणी अंगणाच्या कडेला, जिथे रोप लावता येईल त्या जागी, ओतून येते.